बँकेच्या भांडणांवरची जुनी व्यंगचित्रं जमवायची असतील तर

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झाले आहेत, ठाण्यात राहतात, मुलगा न्यू जर्सीत आहे. बँका आणि सरकार यांच्या वादांवर निघालेली जुनी राजकीय व्यंगचित्रं त्यांना जमवायची आहेत. सुरुवात कुठून करावी, अस्सल-नक्कल कशी ओळखावी, आपल्या हवेत हे कागद टिकतील का, आणि एका अमेरिकी विक्रेत्याकडचं, अमेरिकेचा एकोणिसाव्या शतकातला राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन अनेक डोक्यांच्या सापाशी लढतानाचं चित्र घ्यावं का, असं त्यांनी विचारलंय. त्या चित्राचा फोटोही पाठवलाय.

मी अशी छापील चित्रं जमवतो आणि इतरांच्या संग्रहातली तपासूनही देतो. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो: ‘बँकांवरची व्यंगचित्रं’ हा विषय संग्रहासाठी फार पसरट आहे. लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क, तीन शतकं. हाताला काहीच लागत नाही. एकच भांडण निवडा. आणि त्या भांडणातल्या दोन्ही बाजूंची चित्रं घ्या. हे दुसरं वाक्य माझ्या लेखी जास्त महत्त्वाचं आहे. ही चित्रं ज्यांची मतं आधीच पक्की होती अशा गिऱ्हाइकांना विकली जायची. त्यामुळे एकट्या चित्राकडे बघून आपण नकळत त्याच्याच पक्षात जाऊन बसतो. जॅक्सनला वीर दाखवणाऱ्या चित्राशेजारी त्याला जुलमी राजा दाखवणारं चित्र ठेवलं की भांडण नेमकं कशावरून होतं ते कळायला लागतं.

तुम्ही जॅक्सनपाशी पोचला आहातच, तर तेच भांडण धरा. इंग्रजीत त्याला ‘बँक वॉर’ म्हणतात. फिलाडेल्फियाच्या ‘सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स’ला १८१६ मध्ये वीस वर्षांची सनद मिळाली होती. भांडवल साडेतीन कोटी डॉलर, त्यातला पाचवा हिस्सा सरकारचा, आणि केंद्र सरकारच्या ठेवीही तिथेच. १८२३ पासून तिचा अध्यक्ष होता निकोलस बिडल, अत्यंत हुशार आणि तितकाच ताठ माणूस. सनद १८३६ मध्ये संपायची होती. पण निवडणुकीच्या वर्षात जॅक्सनला कोंडीत पकडता येईल या हिशेबानं बिडल आणि जॅक्सनचा राजकीय प्रतिस्पर्धी हेन्री क्ले यांनी मुदतवाढीचं विधेयक १८३२ मध्येच पुढे रेटलं. जॅक्सननं १० जुलै १८३२ रोजी नकाराधिकार वापरून ते फेटाळलं आणि त्याच वर्षी क्लेला हरवून तो पुन्हा निवडून आला. १८३३ मध्ये त्यानं बँकेतल्या सरकारी ठेवी हलवायला सांगितल्या. अर्थमंत्री विल्यम ड्युएन यांनी नकार दिला, तर त्यांना काढून रॉजर टॉनी यांना बसवलं. नव्या ठेवी निरनिराळ्या राज्यांतल्या मर्जीतल्या बँकांत जाऊ लागल्या. विरोधक त्यांना ‘पाळीव बँका’ म्हणत. इकडे बिडलनं कर्जं आखडती घेतली. ठेवी गेल्या की कर्जं आवळावी लागतात हे तुम्हाला सांगायला नको, पण बिडलनं गरजेपेक्षा जास्त आवळलं आणि तेही हेतुपूर्वक, असा आरोप तेव्हाही होता आणि मला तो पटतो. मार्च १८३४ मध्ये सिनेटनं जॅक्सनच्या निषेधाचा ठराव केला. मे १८३७ मध्ये न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोन्याचांदीचं नाणं देणं थांबवलं आणि देश मंदीत गेला.

या सगळ्या घडामोडींवर आठवड्या-पंधरवड्यानं चित्रं निघत होती, याचं कारण शिळाछाप. आपल्याकडे जुन्या पोथ्या ज्या पद्धतीनं छापल्या गेल्या तीच ही पद्धत: दगडावर तेलकट खडूनं किंवा शाईनं काढायचं, पाणी फिरवायचं, शाई लावायची, छाप घ्यायचा. तांब्याचा पत्रा कोरण्यापेक्षा कितीतरी झटपट. अमेरिकेत हे तंत्र १८२० च्या दशकात रुळलं आणि पुढच्याच दशकात हे भांडण पेटलं. न्यूयॉर्कचा प्रकाशक हेन्री रॉबिन्सन आणि फिलाडेल्फियाचा चित्रकार एडवर्ड विल्यम्स क्ले (१७९९-१८५७) ही दोन नावं तुम्हाला सतत भेटतील.

आता चार चित्रं सांगतो. ती लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर मोठ्या आकारात फुकट बघता येतात. एक पैसा खर्च करण्याआधी काही महिने नुसती हीच चित्रं वाचा.

‘द डाउनफॉल ऑफ मदर बँक’, १८३३, जॅक्सनच्या बाजूचं. जॅक्सनच्या हातात ठेवी हलवण्याच्या हुकमाची गुंडाळी आहे, तिच्यातून विजा निघतायत आणि ग्रीक देवळासारख्या बँकेचे खांब कोसळतायत. पळणाऱ्यांत बिडल आहे, सैतानी रूपात. निकोलसचं लघुरूप ‘निक’, आणि ‘ओल्ड निक’ म्हणजे सैतान, हे तेव्हाच्या प्रत्येक वाचकाला माहीत होतं. जॅक्सनच्या बाजूला जो गावरान माणूस त्याला चढवतोय तो मेजर जॅक डाउनिंग. हा खरा माणूसच नव्हे. मेन राज्यातल्या सेबा स्मिथ या संपादकानं वर्तमानपत्री पत्रांसाठी निर्माण केलेलं पात्र इतकं लोकप्रिय झालं की चित्रकारांनी ते थेट राष्ट्राध्यक्षाशेजारी उभं केलं.

‘किंग अँड्र्यू द फर्स्ट’, विरोधकांचं. मुकुट, राजदंड, हातात नकाराधिकाराचा कागद, पायाखाली फाटलेली राज्यघटना. याच्या तारखेवरून अभ्यासकांत मतभेद आहेत आणि तुम्ही ते समजून घ्यावेत. चित्रात नकाराधिकार आहे म्हणून काहींनी ते १८३२ चं धरलं. पण जॅक्सननं घटनेची मर्यादा ओलांडली हा आरोप मुख्यतः ठेवी हलवल्यावर झाला, नकाराधिकारावर तेवढा नाही. त्यामुळे १८३३ ची शरद ऋतूतली तारीख जास्त जुळते. मला दुसरं मत बरोबर वाटतं. विक्रेते मात्र अजून बिनदिक्कत १८३२ लिहितात.

‘जनरल जॅक्सन स्लेइंग द मेनी हेडेड मॉन्स्टर’, १८३६, प्रकाशक रॉबिन्सन. तुम्ही विचारलेलं हेच. जॅक्सनच्या हातातल्या काठीवर ‘व्हेटो’ (नकाराधिकार) लिहिलंय, मदतीला उपराष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरेन आणि पुन्हा आपला जॅक डाउनिंग. सापाची डोकी म्हणजे राज्यं. सगळ्यांत मोठं डोकं बिडलचं, आणि त्याच्या उंच टोपीवर ‘पेन’ आणि साडेतीन कोटी डॉलरचा आकडा. या ‘पेन’पाशी थांबा. केंद्राची सनद संपत आली तेव्हा बिडलनं पेनसिल्व्हेनिया राज्याकडून नवी सनद मिळवली आणि बँक चालू ठेवली. चित्र त्यावर आहे. म्हणजे विजयाचं वाटणारं हे चित्र खरं तर ‘मेली म्हणता म्हणता पुन्हा उठली’ या संतापातून आलंय. ती बँक पुढे १८४१ मध्ये बुडाली.

आणि ‘द टाइम्स’, १८३७, चित्रकार एडवर्ड क्लेचं. या चारांत एकच घ्यायची ऐपत असेल तर मी हे घेईन. दिवस ४ जुलै, स्वातंत्र्यदिन. जकात कार्यालयावर पाटी की देणी नाण्यातच द्यावीत. शेजारच्या बँकेवर पाटी की इथे नाणं मिळणार नाही, आणि दाराशी ठेवीदारांची झुंबड. रस्त्यावर बेकार कारागीर, भीक मागणारी आई, दारूचं दुकान. वर आकाशात जॅक्सनची टोपी, चष्मा आणि चिलीम तरंगतायत. दोन पाट्यांमध्ये सगळं अर्थशास्त्र आलं: जॅक्सननं जुलै १८३६ मध्ये सरकारी जमिनीची किंमत नाण्यातच घ्यायचा हुकूम काढला, आणि नाणं तर बाजारातून गायब. ज्यानं कधी बँकेच्या दारातली रांग काउंटरच्या आतून पाहिली आहे, त्याला हे चित्र कुणी समजावून द्यायची गरज नाही.

याच चित्रात एक बोचणारी गोष्टही आहे. गहाणवटीच्या दुकानदाराला शेक्सपिअरच्या नाटकातल्या ज्यू सावकाराचं ‘शायलॉक’ हे नाव देऊन ज्यूंवरचा जुना द्वेष वापरलाय. क्लेनं फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीयांची क्रूर थट्टा करणारी चित्रमालिकाही काढली होती. बँकांवरच्या चित्रांत हा ज्यूद्वेष पुढे वारंवार येतो. संग्रहात अशी चित्रं असू नयेत असं मी म्हणत नाही, पण नोंदवहीत आणि भिंतीवरच्या चिठ्ठीत ते स्पष्ट लिहा. घरी येणाऱ्या पाहुण्याला, विशेषतः मुलांना, नुसतं ‘किती सुंदर रेखाटन’ म्हणून दाखवू नका.

अस्सलपणाकडे वळू. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. घड्याळजी वापरतात तसलं चालतं. शिळाछापात रेघ खडूची असते, दाणेदार, जराशी तुटक. तांब्यावरच्या चित्रात शाई कागदावर किंचित उंच लागते आणि कडेनं पत्र्याचा दाबाचा ठसा दिसतो. शिळाछापात असा ठसा नसतो. भिंगाखाली एकसारख्या ओळीत मांडलेले ठिपके, किंवा चार रंगांच्या ठिपक्यांची फुलं दिसली, तर ते चित्र १८३० च्या दशकातलं असूच शकत नाही. तशी छपाई एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली.

दुसरं, कागद. अमेरिकेत त्या काळी कागद चिंध्यांपासून व्हायचा. तो आजही लवचीक असतो, आणि १८३७ चं चित्र १९१० च्या मासिकाच्या पानापेक्षा पांढरं निघालं तर दचकू नका. लाकडाच्या लगद्याचा कागदच आधी पिवळा पडून तुटतो. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला कागद सगळीकडे सारखा तपकिरी दिसतो. खरं वय कडांना आणि घड्यांवर जास्त, मधे कमी असतं.

तिसरं, खालचा मजकूर. रॉबिन्सनच्या चित्रांवर बहुधा प्रकाशकाचा पत्ता असतो आणि हक्कनोंदणीची ओळ असते. ५२ कोर्टलँड स्ट्रीट हा पत्ता या वर्षांतला, १४२ नॅसॉ स्ट्रीट हा नंतरचा, १८४० च्या दशकातला. कडा कापून ही ओळ उडवली असेल तर किंमत मोठ्या प्रमाणात उतरते, आणि उतरायलाच हवी.

चौथी युक्ती मला सर्वांत उपयोगी पडते, आणि तुमच्या त्या सापाच्या चित्राचं उत्तरही तिच्यातच आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसची प्रतिमा कुणीही उतरवून घेऊन चांगल्या कागदावर छापू शकतो, आणि लोक छापतात. पण त्या प्रतिमेत मूळ प्रतीचे डाग, घड्या, चिरा, पेन्सिलीचे आकडे हेही असतात. दोन वेगवेगळ्या प्रतींवर एकाच जागी एकाच आकाराचा डाग पडत नाही. तुम्ही पाठवलेला फोटो मी त्या प्रतिमेशेजारी ठेवून पाहिला. कोपऱ्यातला डाग तोच, घडीची रेघही तीच, आणि तुमच्या फोटोत त्या घडीवर उजेडाची सावली पडत नाही, म्हणजे घडी कागदाला नाही, छापलेली आहे. ती आजची प्रत आहे. भिंतीला शोभेसाठी हवी असेल तर फोटोवाल्याकडून स्वतःच छापून घ्या. ‘व्हिंटेज’ शब्दाचे पैसे देऊ नका.

खरी प्रत हवी तर मुलाला सांगा, तो जवळच आहे. अमेरिकेत जुन्या पुस्तकविक्रेत्यांची संघटना आहे, तिचे सभासद वस्तूच्या अस्सलपणाची लेखी हमी देतात आणि हमी खोटी ठरली तर वस्तू परत घेतात. न्यूयॉर्कच्या स्वॉन गॅलरीजसारख्या लिलावगृहांचे जुने निकाल बघता येतात. मागच्या विक्रीत त्याच चित्राला काय मिळालं ते पाहिल्याशिवाय बोली लावू नका, आणि बोलीवर लिलावगृहाचं कमिशन वेगळं पडतं ते आधीच धरा. फिलाडेल्फियाची लायब्ररी कंपनी आणि वूस्टरची अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी इथे वेळ ठरवून मूळ चित्रं पाहता येतात. मुलानं एकदा खरी शिळाछाप प्रत समोर धरली की पुढचे फोटो त्याला वेगळेच दिसतील. विक्रेत्याला विचारायचे प्रश्न ठरलेले ठेवा: कडा कापल्या आहेत का, मागून पुठ्ठ्याला चिकटवलंय का, रंग त्या काळचा की नंतरचा, फाटलेलं कुठे आणि कशानं जोडलंय. मागच्या बाजूचा फोटो नसेल तर व्यवहार पुढे नेऊ नका.

बँक वॉरची रॉबिन्सनी चित्रं महाग पडतात. बजेट बेताचं असेल तर त्याच भांडणातली तांब्याची खासगी टोकनं बघा, ‘हार्ड टाइम्स टोकन्स’ म्हणतात ती. त्या काळच्या सेंटच्या नाण्याएवढी, आणि त्यांच्यावर व्यंगचित्रंच कोरलेली असतात: तिजोरीच्या पेटीतून तलवार आणि पैशाची थैली घेऊन उगवणारा जॅक्सन, पाठीवर तिजोरी घेऊन चाललेलं कासव. चित्रांच्या मानानं ती स्वस्त आहेत आणि कोकणातल्या हवेतही टिकतात. मी अनेकांना इथूनच सुरुवात करायला सांगतो.

कागदच हवा असेल तर नंतरच्या काळातली साप्ताहिकं आहेत. १८७३ च्या मंदीवर थॉमस नास्टनं ‘हार्पर्स वीकली’त काढलेली चित्रं लाकडी ठशांची, काळी-पांढरी, रंगीत दिसली तर रंग मागाहून कुणीतरी भरलाय. ‘पक’ साप्ताहिकातली रंगीत पानंही मिळतात. २ फेब्रुवारी १९१० च्या अंकात फ्रँक नॅनकिव्हेलचं चित्र आहे: बडा बँकर जे. पी. मॉर्गन न्यूयॉर्कच्या बँकांच्या इमारती कवेत घेऊन बसलाय, आणि खाली विचारलंय की अंकल पिअरपाँट (म्हणजे मॉर्गनच) हे काम करतोच आहे, मग अंकल सॅमनं, म्हणजे अमेरिकी सरकारनं, मध्यवर्ती बँक काढायची कशाला? १९०७ ची बँकांमधली घबराट मॉर्गननं निस्तरली होती आणि फेडरल रिझर्व्ह ही अमेरिकेची मध्यवर्ती बँक १९१३ मध्ये आली, त्या दोन्हींच्या मधलं हे चित्र. बँक वॉरचाच वाद पाऊण शतकानंतर.

इंग्लंडकडे जायचं असेल तर जेम्स गिलरेचं २२ मे १७९७ चं चित्र हवं. फ्रेंच आक्रमणाच्या धास्तीनं फेब्रुवारीत बँक ऑफ इंग्लंडनं सोनं देणं थांबवलं होतं. गिलरेनं बँकेला नोटांचा झगा घातलेली म्हातारी केलं, ती कुलूपबंद पेटीवर बसलीय आणि पंतप्रधान पिट लाडीगोडी लावत तिच्या खिशात हात घालतोय. बँकेला ‘थ्रेडनीडल स्ट्रीटची म्हातारी’ हे नाव या चित्रानं चिकटलं ते आजतागायत. इथे एक सापळा आहे. गिलरेचे पत्रे पुढे हेन्री बोन या प्रकाशकानं विकत घेतले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पुन्हा छापले. पत्रा अस्सलच, पण छपाई अर्ध्या शतकानंतरची. बोनची प्रत जाड कागदावर, बहुधा बिनरंगी, पाठपोट छापलेली आणि वर क्रमांक असलेली असते. ती घ्यायला हरकत नाही, अभ्यासाला उत्तम. फक्त किंमत बोनची द्या. नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबलेल्या याच काळात एक-दोन पौंडांच्या साध्या नोटांची नक्कल केली म्हणून गरिबांना फाशी दिलं जात होतं. त्यावर जॉर्ज क्रुकशँकनं १८१९ मध्ये काढलेली खोटी ‘बँक नोट’, जिच्यावर फासावर लटकणाऱ्यांची रांग आहे आणि सही जल्लादाची, ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत धारदार वस्तू वाटते.

आता ठाण्याची हवा. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते आणि कागदाला ५० च्या आसपास बरं वाटतं. चित्र बाहेरच्या भिंतीवर कधीही लावू नका, तिथे ओल येते. काचेला कागद टेकता कामा नये. मधे आम्लविरहित पुठ्ठ्याची खिडकी हवी. ऊन नको, आणि एक चित्र वर्षभर भिंतीवर ठेवण्यापेक्षा आलटूनपालटून लावा. बाकीची आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, आडवी, जमिनीपासून वर. लोखंडी कपाट पावसाळ्यात गच्च बंद ठेवलं तर आत बुरशी धरते. कोरड्या दिवशी उघडून हवा खाऊ द्या, सिलिका जेलच्या पुड्या तापवून पुन्हा वापरा. कसर लागली का ते दर महिन्याला पाहा, ती कडांपासून खरवडते. डांबराच्या गोळ्या चित्राजवळ नकोत. फाटलं तर सेलोटेप किंवा फेव्हिकॉल लावू नका. जपानी पातळ कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ हेच योग्य, आणि तेही जाणकाराकडून. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तू संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा.

शेवटची बाब कायद्याची. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू एकदा भारतात आली की ती पुन्हा बाहेर नेताना १९७२ च्या पुरावशेष कायद्याचा प्रश्न येतो, मग ती मुळात अमेरिकेतच छापलेली का असेना. आणण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा, खरेदीची पावती आणि सीमाशुल्काचे कागद जपून ठेवा. पुढे कधी अमेरिकेतच लिलावाला काढायचा विचार असेल, तर महागडी चार-दोन चित्रं मुलाकडेच राहू द्या आणि इथे टोकनं, ‘पक’ची पानं, बोनच्या प्रती ठेवा.